मुसळ पडेपर्यंत

आमच्या घरातल्या मुसळाला वर्षभर काही काम नसते. पीठ गिरणीतून येते, चटणी मिक्सरमध्ये होते, आणि ते माझ्या खांद्याएवढे लाकूड न्हाणीघराच्या दारामागे टेकून उभे असते. ग्रहणाच्या दिवशी मात्र त्याला मानाच्या पाहुण्यासारखी वागणूक मिळते. आई ते धुते, हळदकुंकू लावते, पितळी ताटात हळदीचे पाणी ओतते आणि ताटाच्या मधोमध मुसळ उभे करते, कशाचाही आधार न देता. ते उभे राहते. तंजावरजवळ कुंभकोणमला आमच्या गल्लीत सगळ्यांची खात्री आहे की मुसळ एरवी असे उभे राहूच शकत नाही. ग्रहणाची ओढ असते तोवर राहते, आणि ग्रहण सुटले की आपोआप पडते. पडले की अंघोळ, मग चूल, मग जेवण. घरात घड्याळ आहे, पंचांग आहे, टीव्ही आहे, पण ग्रहण सुटल्याचे आम्हाला मुसळ सांगते.

ज्या सकाळी ते पडले नाही, त्या सकाळविषयी मला लिहायचे आहे. माझी वहिनी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती आणि आतल्या खोलीत उपाशी बसली होती.

आधी मी कोण ते सांगते. अप्पा, म्हणजे माझे वडील, छापखान्यात मशीनवर होते. छपाईत बिघडलेले कागद घरी यायचे. माझ्या वह्यांची कव्हरे त्यांची, बशीखाली कागद त्यांचे, आणि वाचायला मी शिकले तीही त्यांच्यावरच. एका आठवड्यात देवळाच्या उत्सवाचे पत्रक, पुढच्या आठवड्यात देवाला दिवा कशाला लागतो असे विचारणारे पत्रक. अप्पांना दोन्हींचे काही नव्हते. म्हणायचे, “शाई दोन्हीकडे काळीच.” मला मात्र दुसऱ्या तऱ्हेच्या पत्रकांची गोडी लागली. प्रश्न विचारणारी, हात धरून उठवणारी ती भाषा माझ्या तोंडात बसली. आई म्हणते, माझे बोलणे पत्रकासारखे आहे, लोक हातात घेतात आणि कोपऱ्यावर टाकून देतात.

आमचे पूर्वज मराठी राजांबरोबर तंजावरकडे आलेले, त्यामुळे घरात आम्ही मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. एकदा पुण्याचा पाहुणा आला होता, तो म्हणाला, तुम्ही लोक बखरीतून बोलता. हे लिहायची मराठी मी पुस्तकांतून कमावली. विज्ञान मात्र मी तमिळमध्ये शिकले आणि तमिळमध्येच शिकवते, संध्याकाळी, आमच्या घराच्या ओट्यावर. गल्लीतली तिसरी-चौथीची पोरे येतात. शिकवणी नाही, कारण मी पुस्तकातले काही घोकून घेत नाही. काय तरंगते, काय बुडते, सावली कधी लांब होते, ओले कापड का गार लागते, एवढेच.

हे एवढेच का, ते सांगते. आमच्याकडच्या शाळेत चौथीच्या पुस्तकात ग्रहणाची आकृती आहे. सूर्य, चंद्र, पृथ्वी, मध्ये सावलीची त्रिकोणी रेघ. पोरे ती सुंदर काढतात, पिवळा रंग भरतात, पैकीच्या पैकी गुण घेतात. मग ग्रहण येते आणि आकृती काढणारे पोर, आकृती शिकवणारी मिस् आणि तिची सासू, सगळे आपापल्या घरी खिडक्या लावून बसतात. पुस्तकातले ग्रहण वेगळे आणि घरातले वेगळे. या दोघांची कधी गाठ पडू नये अशी आम्ही मोठ्या माणसांनी पक्की व्यवस्था केली आहे, आणि तिला शिक्षण म्हणतो. मला ती व्यवस्था मोडायची होती. आजही मोडायची आहे.

त्या डिसेंबरात सहामाही परीक्षा संपून सुटी लागली होती आणि ग्रहण सकाळचे होते. आधीच्या आठवड्यात ओट्यावर आम्ही “उभे काय राहते” हा खेळ घेतला होता. प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची. पाण्याची बाटली उभी राहिली, भरलेली आणि रिकामीही. पेन्सिल टोकावर राहिली नाही, सपाट बाजूवर राहिली. समईची पोरांना गंमत वाटली, एवढी उंच आणि ढकलली तरी डुलून परत जागेवर. का, तर तिची बैठक रुंद आणि जड. वस्तूचे वजन तिच्या बैठकीच्या आत पडले की ती उभी राहते, बाहेर गेले की पडते. एवढे पोरांच्या तोंडून यायला दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या मला घाईच्या वाटल्या नाहीत.

समोरच्या घरातली चौथीतली मुलगी गल्लीत सगळ्यात तिखट. ती म्हणाली, “अक्का, मग मुसळ?”

“मुसळाचं काय?”

“त्याची बैठक सपाट आहे. खाली लोखंडाचं कडं आहे. मग ते रोज का नाही उभं राहत?”

“रोज कोणी उभं करून पाहिलंय?”

कोणीच पाहिले नव्हते. एकजण म्हणाला, “आजी मारेल.” दुसरा म्हणाला, “हे परीक्षेत येईल का?” मी म्हटले, येणार नाही, म्हणूनच पाहू या. आत जाऊन मुसळ मागितले. आईने दिले नाही. म्हणाली, “ते खेळणं नाही. तुला समईला हात लावू दिला तेवढं पुष्कळ झालं.”

आणि वहिनी. ती तंजावरची, आमच्यातलीच. दादा कोईमतूरला नोकरीला होता आणि बाळंतपणासाठी ती माहेरी जाण्याआधी काही दिवस आमच्याकडे राहायला आली होती. गरोदरपणात तिची साखर वाढली होती. डॉक्टरीणबाईंनी सकाळची इन्सुलिनची सुई लावून दिली होती आणि बजावले होते की सुई घेतल्यावर वेळेवर खायचे, थोडे थोडे, पण चुकवायचे नाही. वहिनी बोलायला मऊ, पण बोलायची ते नेमके. ग्रहणाच्या आदल्या संध्याकाळी तिने मला हळूच विचारले, “उद्या मला किती वेळ कोंडणार?”

गरोदर बाईने ग्रहणात खायचे नाही, प्यायचे नाही, चिरायचे नाही, शिवायचे नाही, बाहेर यायचे नाही. नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. हे मला पाठ होते, जसे पोरांना आकृती पाठ असते.

मी स्वयंपाकघरात गेले. आई भांड्यांवर दर्भाच्या काड्या ठेवत होती. मी म्हटले, वहिनी उद्या वेळेवर खाईल.

“पहाटे दूध आणि दोन इडल्या देते. मग ग्रहण सुटल्यावर.”

“सुई घेतल्यावर एवढा वेळ राहता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.”

“डॉक्टरीणबाई स्वतः खातात का बघ उद्या.”

“ग्रहण म्हणजे सावली आहे, आई. चंद्राची सावली. सावलीत विष नसतं.”

“मला शिकवू नकोस, ओट्यावरच्या पोरांना शिकव.” तिने झाकण ठेवले. मग आवाज उतरवून म्हणाली, “उद्या त्या बाळाला नखाएवढं काही झालं, तर तिची आई, गल्ली, तुझा भाऊ, सगळे बोट कोणाकडे करतील? तुझ्या चंद्राकडे?”

मी बाहेर येऊन दादाला फोन केला. तो म्हणाला, “एक सकाळ तर आहे. आई म्हणते तसं करा ना.” एक सकाळ त्याची नव्हती, म्हणून त्याला ती छोटी वाटत होती.

शेवटी माझी आणि आईची बोली झाली. आई म्हणाली, मुसळ पडले की त्याच क्षणी वहिनीला वाढीन, अंघोळीची वाट बघणार नाही. मी म्हटले, ठीक आहे, पण मुसळाला कोणी हात लावायचा नाही. धक्का नाही, ताट हलवणे नाही. ते आपोआप पडले पाहिजे. आई म्हणाली, “लावेलच कोण? मी स्वतः बसते राखायला.”

वहिनीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “तुम्हा मायलेकींच्या पैजेत उपास माझा.”

सकाळी मार्गळी महिन्याचा गारवा होता. आईने ताटाभोवती पिठाच्या रांगोळीचे कोलम काढले, मुसळ उभे केले आणि पाट घेऊन शेजारी बसली. शेजारच्या मामी बघायला आल्या, त्यांच्या मागून आणखी दोघी. मुसळ ताठ उभे होते. मामी हात जोडून म्हणाल्या, “काय ओढ आहे बघा.” मी दारात उभी होते. म्हटले, “मामी, ओढ वर असेल तर पाणी का ताटातच आहे?” मामी आईकडे वळून म्हणाल्या, “हिचं लग्न लवकर करा.”

मी गच्चीवर गेले. पोरांपैकी तिघे आले होते, बाकीच्यांना घरच्यांनी कोंडले होते. सूर्याकडे बघायचे नाही, ही एक गोष्ट मात्र मी आईपेक्षा कडक सांगते. आम्ही पिठाची चाळणी उन्हात धरली. खाली जमिनीवर एरवी गोल कवडसे पडतात, ते त्या सकाळी कोरीसारखे झाले. शेकडो छोट्या कोरी. समोरची ती मुलगी उकिडवी बसून हाताच्या तळव्यावर एक कोर घेत राहिली. मग म्हणाली, “अक्का, हे तर पुस्तकात नाही.” ते पुस्तकातलेच होते, फक्त जमिनीवर उतरले होते.

हळूहळू कोरी फुगल्या, आणि मग पुन्हा गोल झाल्या. सगळ्या गोल. मी खाली धावले. टीव्हीवर ग्रहण सुटल्याचे सांगत होते. गल्लीत बादल्या वाजत होत्या, उंबरे धुतले जात होते. आई पाटावर होती. मुसळ उभे होते.

“सुटलं, आई.”

“पडलं नाही अजून.”

“टीव्हीवर सांगितलं.”

“तूच म्हणालीस, आपोआप पडलं पाहिजे.”

मी आत डोकावले. वहिनी भिंतीला टेकली होती. गार दिवस, तरी कपाळावर घाम होता. बोटे थरथरत होती आणि वहिनी ती पदराखाली लपवत होती. मी माझ्या पिशवीतली बिस्किटे पुढे केली. ती म्हणाली, “आईंना शब्द दिलाय मी. आधी त्यांना विचार.”

मी बाहेर आले तेव्हा अप्पा कावेरीवरून अंघोळ करून ओल्या पंचाने आले होते. त्यांनी मुसळाकडे पाहिले, मग आईकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. दोन पावले ताटाच्या बाजूला सरकले.

“तिकडून जा,” आई म्हणाली.

अप्पा थांबले. थोडा वेळ पंचा पिळत राहिले. “ते पडायचं नाही,” ते म्हणाले.

“का पडायचं नाही?”

“दर वेळी मीच पाडतो.”

आईने मान वर केली. “काय?”

“जाता येता. पायाच्या अंगठ्यानं. पहिल्या वर्षापासून.” अप्पा भिंतीशी बोलल्यासारखे बोलत होते. “भूक लागते मला.”

“आणि मामंजी होते तेव्हा?”

“मला शिकवलं कोणी असं वाटतं तुला?”

माझ्या पाठीमागे गच्चीवरून आलेली पोरे होती. त्यातल्या एकाने सहज सांगितले, “आमच्याकडे आजोबा पाडतात. हळूच.” मामी म्हणाल्या, “पोरांनी मोठ्यांत बोलू नये,” पण त्यांनीही ताटाकडे पाहायचे टाळले.

मला वाटले, झाले. पत्रकात असेच असते, पडदा ओढला की गोष्ट संपते. पण आई पत्रक नव्हती. तिचा चेहरा लाल झाला आणि ती पाटावर आणखी ताठ बसली.

“म्हणजे इतकी वर्षं मी खोट्यावर जेवले,” ती म्हणाली. “तर मग आज तरी खरं होऊ दे. आज हे आपोआप पडेल तेव्हाच उठेन.”

तिचा प्रामाणिकपणा माझ्यापेक्षा कडक निघाला होता, आणि तो वहिनीच्या वाटेत आडवा बसला होता. मी मुसळाकडे गेले. आई म्हणाली, “हात लावलास तर माझ्याशी बोलू नकोस.” तिने ते शांतपणे म्हटले.

मी हात मागे घेतला. मग वळून स्वयंपाकघरात गेले. दर्भाची काडी बाजूला काढली, पहाटेच्या इडल्या ताटलीत घेतल्या, मुळगापुडीची कोरडी चटणी आणि तेल वाढले, आणि ताटली घेऊन मुसळ होते त्याच दालनात आले. चोरून खोलीत नेणार नव्हते. चोरून नेले असते तर अप्पांच्या अंगठ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

“वहिनी, बाहेर या,” मी म्हटले. “मुसळ उभं आहे. तुम्ही त्याच्यासमोर जेवायचं.”

मामी पुढे आल्या. “आणि बाळाला काही झालं तर? कोण जबाबदार?”

आदल्या संध्याकाळपासून मी याच प्रश्नाला घाबरत होते. मी म्हटले, “मी. ओठ, बोट, कान, काहीही झालं तरी माझं नाव घ्या. आईचं नाही, वहिनीचं नाही. गल्लीत आत्ताच सांगून या, मामी, म्हणजे नंतर शोधायला नको.”

खोलीच्या दारात वहिनी उभी होती. चौकट धरून. तिने आईकडे पाहिले. “आई, मी शब्द मोडतेय,” ती म्हणाली. “माझे हात थांबत नाहीत.” आणि तिने दोन्ही हात पदराबाहेर काढून आईपुढे धरले.

आईने ते हात पाहिले. सकाळपासून ती फक्त मुसळ बघत होती.

वहिनी खाली बसली, ताटापासून हातभर अंतरावर, आणि खाऊ लागली. पहिला घास तोंडात जाताना तेल बोटांवरून ओघळले. दोन इडल्या संपल्यावर आई पाटावरूनच म्हणाली, “नारळाची चटणी आहे आत.” म्हणाली, पण उठली नाही. चटणी अप्पांनी आणली, आणि जाता येता पाय सांभाळून टाकला.

मुसळ उभेच होते. संध्याकाळी पोरे ओट्यावर जमली तेव्हाही उभे होते. ज्यांना सकाळी कोंडले होते तीही आली आणि एकेक करून आत डोकावून गेली. समोरची मुलगी दारात उभी राहून आईला म्हणाली, “आजी, ग्रहण सकाळीच गेलं ना?” थोड्या वेळाने आईने स्वतः मुसळ उचलून आडवे ठेवले. म्हणाली, केर काढायचा आहे.

इथे मी थांबले असते तर सोपे झाले असते. पण मी बाळाची जबाबदारी घेतली होती, आणि ती त्या दिवसापुरती नव्हती. वहिनी माहेरी गेली. पुढचे दोन महिने मामी मला गल्लीत भेटल्या की विचारायच्या, “तंजावरची काही बातमी?” आवाजात काळजी असायची, खोटी नव्हती, पण त्यात वाट बघणेही होते. आणि मी, जिला सावलीत विष नसते हे पक्के ठाऊक होते, तीही फोन वाजला की दचकायची. हे लपवण्यात अर्थ नाही. ठाऊक असणे वेगळे आणि सगळी गल्ली तुमच्याकडे बघत असताना ठाऊक असणे वेगळे.

मुलगी झाली. धडधाकट, काळीभोर, सगळे ओठ जागच्या जागी. मामी म्हणाल्या, देवाने सांभाळले. आणि मग अप्पांच्या छापखान्यात येणारे एक गृहस्थ घरी आले, मला आवडणारी पत्रके काढणारे. त्यांना कोणीतरी सगळे सांगितले होते. त्यांना बाळाचा फोटो हवा होता. वर मोठ्या अक्षरांत मजकूर: ग्रहणात जेवलेल्या आईचे निरोगी बाळ, हा घ्या पुरावा.

मी म्हटले, हा पुरावा नाही.

त्यांना वाटले मी लाजते आहे. “अहो, तुम्हीच तर लढलात.”

“एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. उद्या एखादं बाळ फाटक्या ओठाचं झालं आणि त्याची आई ग्रहणात जेवलेली निघाली, तर ग्रहण पाळणारेही असंच पत्रक काढतील. तेव्हा तुम्ही काय म्हणाल? एका बाळावरून काही सिद्ध होत नाही असंच ना? मग ते आजच म्हणा.”

“लोकांना एवढं बारीक कळत नाही.”

“तिसरीतल्या पोरांना कळतं. ओट्यावर या संध्याकाळी.”

ते नाराज होऊन गेले. अप्पा म्हणाले, फुकटात छापलं असतं. मी चिडले नाही असे नाही. ज्या कागदांनी मला बोलायला शिकवले, त्यांच्याशीच मला भांडावे लागत होते, आणि ते भांडण आईशी झालेल्या भांडणापेक्षा जड गेले. पण माझ्या बाजूचे खोटे मला चालते, असे एकदा ठरवले की ओट्यावर बसून शिकवायला माझ्याकडे काही उरत नाही. वहिनी जेवली, कारण तिच्या अंगातली साखर उतरत होती. बाळ चांगले झाले म्हणून तिचे जेवणे बरोबर ठरले, असे मी म्हटले तर बाळ वाईट झाले असते तर ते चूक ठरले असते. ते तेव्हाही बरोबरच होते.

वहिनी बाळाला घेऊन आमच्याकडे आली होती तेव्हा पुन्हा एक ग्रहण आले. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले होते, त्यातली बाई पाच महिन्यांची गरोदर. ग्रहणाच्या आदल्या दिवशी ती जिन्यावर बसून वहिनीशी बोलत होती. मी खाली कपडे वाळत घालत होते.

“तुम्ही म्हणे खाल्लं होतं त्या वेळी,” ती म्हणाली.

“खाल्लं.”

“भीती नाही वाटली?”

“वाटली ना.”

“मग?”

वहिनीने मुलीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतले. “मग काय,” ती म्हणाली. “भूक जास्त होती.”

ती बाई एक पायरी खाली सरकली. मग तिने विचारले, इडल्या गार होत्या की गरम.